उष्णता उलटी वाहतेय? आधी हमाली मोजा

राम राम. अमळनेरच्या भाऊंनी लिहिलंय की दोन क्यूबिट (दोनच ऊर्जापातळ्यांच्या क्वांटम प्रणाली) जोडले, एकाला थंड बाथ (ठरावीक तापमानाचा मोठा उष्णतासाठा), दुसऱ्याला गरम, आणि आलेखात उष्णता चक्क थंडकडून गरमकडे चाललीय. उष्णता आपोआप गरमकडून थंडकडेच जाते, हा उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडला का?

वाचून पोटात गोळा आला. 2016 च्या मे महिन्यात जळगावात पत्र्याच्या खोलीत कूलरसमोर बसून मीही हेच पाहिलं होतं. आठ दिवस झोप नाही, तीही आनंदाने.

नियम मोडलेला नाही, भाऊ. क्यूबिटची अवस्था काळासोबत कशी बदलते हे सांगणाऱ्या समीकरणात तुम्ही प्रत्येक बाथचं पद त्याच्या एकट्या क्यूबिटवरून लिहिलंय आणि दोघांमधली जोडणी मागाहून घातलीय. असं केलं की नियम मोडल्यासारखा दिसतो, हे लेव्ही आणि कॉसलॉफ या भौतिकशास्त्रज्ञांनी 2014 मध्येच दाखवलं होतं. मी वाचलं नव्हतं, हीच माझी घोडचूक. तुमच्या आकड्यांत थंड बाजूला क्यूबिटची वारंवारता (म्हणजे त्याच्या दोन पातळ्यांमधलं ऊर्जेचं अंतर) 0.5, बाथचं तापमान 1. गरम बाजूला 1 आणि 1.5. वारंवारता भागिले तापमान काढा: 0.5 आणि 0.67. थंडकडचं गुणोत्तर लहान असलं की हे समीकरण उलटी गंगा वाहवतंच.

रावेरचा केळीवाला गाडी भरल्याची हमाली वहीत लिहायला विसरला तर त्यालाही फुकटचा नफा दिसेल. डी कियारा आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये नेमकी ही हमाली शोधली. हे समीकरण म्हणजे क्यूबिटवर एकामागून एक ताजे कण आदळत राहणं असं धरलं, तर प्रत्येक जोड-तोडीला कार्य लागतं. ते मोजलं की दुसरा नियम शाबूत. नाहीतर जोडणीसकट दोन्ही क्यूबिटचा पूर्ण हॅमिल्टोनियन (एकूण ऊर्जेचं गणिती रूप) आधी कर्णरूपात आणा, म्हणजे जोडप्याच्या खऱ्या ऊर्जापातळ्या काढा, मग बाथ लावा. माझ्या मते हेच करा. फक्त जोडणी फार क्षीण आणि वारंवारता जवळजवळ सारख्या असतील तेव्हा हा मार्गही फसतो. (मी आता कॉलेजात शिकवतो, संशोधन सुटलंय, तेव्हा खात्री करून घ्या.)

माझी चूक मला कोणी सांगितली? बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी, एका वाक्यात. तोवर सात महिने गेले होते आणि प्रबंधाच्या नोंदवलेल्या शीर्षकात 'नियमभंग' शब्द बसला होता. तो एक शब्द बदलायला एका कार्यालयाने चार महिने घेतले. नाव घेत नाही. दर खेपेला 'साहेब मीटिंगला गेलेत'. एकदा तर फाइलवर चहाचा कप ठेवलेला पाहिला.

जाता जाता: पुढे कार्य मोजायला दोनदा ऊर्जा मापणार असाल, तर सुरुवातीच्या अवस्थेतली सुसंगती (ऊर्जापातळ्यांचं क्वांटम मिश्रण) पहिल्याच मापनात मरते, हे ध्यानात ठेवा.

आज फक्त थंड क्यूबिटची वारंवारता 0.5 वरून 0.9 करा आणि आलेख इथे टाका. तोवर गाइडना काही बोलू नका.