हेन्री नेमका कुठला?

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्याने मला एक चांदीचं नाणं आणून दिलं, एकदम पातळ, नखाएवढं, मध्ये मोठा क्रॉस आणि दुसऱ्या बाजूला मुकुटवाला चेहरा नि HENRICUS असं काहीतरी. इथला सराफ म्हणतो चांदीच्या भावात घेतो, भाचा म्हणतो परत पाठव, इकडे विकून देतो. काळं पडलंय, चिंचेने घासू का? आणि हा हेन्री कुठला?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : पहिलं म्हणजे चिंच, पितांबरी, टूथपेस्ट काहीही लावू नका! तो काळा थर जाऊ दिला की गिऱ्हाईकही जातं. आणि सराफाला नमस्कार करून घरी या, कारण ही पेनी, म्हणजे जुनं इंग्लिश चांदीचं नाणं, जेमतेम 1.4 ग्रॅमची, पोर्तुगीज राजा डॉम लुईशचा 1881 चा आपला गोव्याचा रुपया तिच्या आठपट जड, त्यामुळे वजनाने विकून हाती काय येणार.

आता हेन्री. नावावर जाऊ नका, क्रॉस बघा. दुहेरी रेघेचा क्रॉस आतच थांबत असेल, त्याची टोकं कडेच्या अक्षरांपर्यंत जात नसतील, तर ते शॉर्ट क्रॉस, म्हणजे 1180 ते 1247. गंमत अशी की इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याने हे सुरू केलं आणि मग गादीवर रिचर्ड आला, जॉन आला तरी नाण्यावर नाव हेन्रीचंच, त्यामुळे तुमचं नाणं रिचर्डच्या काळातलंही निघू शकतं. क्रॉस थेट कडेपर्यंत गेला असेल तर लाँग क्रॉस, 1247 नंतरचं, तिसऱ्या हेन्रीचं. लोक कडा कातरून चांदी चोरायचे, क्रॉस कडेपर्यंत नेला की कातरलेलं लगेच दिसतं, म्हणून तो बदल. क्रॉस एकेरी रेघेचा असेल तर मात्र बहुधा पुढचा कुणीतरी हेन्री.

क्रॉसच्याच बाजूला भिंगाने ON शोधा, आधी नाणं पाडणाऱ्याचं नाव, नंतर गाव, LVND म्हणजे लंडन. नाव उगाच नाही टाकायचे, चांदीत खोट निघाली तर माणूस सापडायला हवा ना, 1124 मध्ये पहिल्या हेन्रीने अशा लोकांचे उजवे हात तोडायला लावले होते. कडेवर ओतकामाची शिवण दिसली किंवा अक्षरं साबणासारखी गुळगुळीत असली तर ते म्युझियमच्या दुकानातलं खेळणं असू शकतं.

पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, हिरवं चिकट होतं, आपल्या पावसात तर लवकरच. कागदी पाकीट आणि सिलिका जेल बस.

आणि भाच्याला सांगा, परत पाठवणं जमणार नाही. आपल्या देशातल्या 1972 च्या कायद्याने 100 वर्षांवरचं कुठलंही नाणं पुरातन वस्तू धरतात आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. विकायचंच असेल तर इथल्याच जाणकार नाणेसंग्राहकाला दाखवा.