चार्टरला गेले तर एअरलाइनचं दार बंद होईल का?

"मॅडम, एकदा चार्टरला गेले की एअरलाइन मला घेईल का?" साताऱ्याकडची ती मुलगी खुर्चीत बसायच्या आधीच बोलली. वय तेवीस, कमर्शियल पायलट लायसन्स हातात, लॉगबुकात जेमतेम 200 तास. सोबत वडील. त्यांनी जमीन गहाण ठेवून कर्ज काढलं होतं. एका चार्टर कंपनीने, म्हणजे मागणीनुसार भाड्याने विमान देणाऱ्या कंपनीने, तिला किंग एअर या छोट्या विमानावर को-पायलट म्हणून बोलावलं होतं. बॅचमधली मुलं मात्र स्वतःच्या पैशाने एअरबस ए-320चं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान उडवण्याची परवानगी देणारं प्रशिक्षण, करून एअरलाइनच्या भरतीची वाट बघत होती.

ही भीती माझ्याकडे सल्ल्याला येणारी बहुतेक मुलं बोलून दाखवतात. दार बंद होत नाही. चार्टरमधून एअरलाइनला गेलेले पायलट भरपूर आहेत. खरा फरक तासांचा. एटीपीएलला, म्हणजे एअरलाइनमध्ये कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या लायसन्सला, 1500 तास लागतात. चार्टरला महिन्याला पंचवीस तास मिळाले तर उरलेल्या 1300 तासांना चार वर्षं सहज जातात. शिवाय किंग एअर बी-200 एका पायलटने उडवण्यासाठीही प्रमाणित आहे. अशा विमानावरचे को-पायलटचे तास प्रत्येक वेळी पूर्ण धरले जातीलच असं नाही. म्हणून तिला म्हटलं, "रुजू होण्याआधी हे लेखी विचार. बाँड, म्हणजे नोकरी न सोडण्याचा करार, किती वर्षांचा, तेही."

टाइप रेटिंगबद्दल माझं मत ठाम आहे. नियुक्तीपत्र हातात नसताना त्यासाठी आणखी कर्ज काढू नये. नोकरी लांबली तर हप्ते सुरू आणि रेटिंग चालू ठेवायचा खर्च वेगळा.

वडील हळूच म्हणाले, "मोठ्या कंपनीत नोकरी पक्की असते ना?" मी त्यांना 2019मध्ये जेट एअरवेज आणि 2023मध्ये गो फर्स्ट कशी थांबली ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. गावात सांगायला कंपनीचं नाव हवं होतं त्यांना, आणि त्यात काही चूक नव्हती.

मग मी तिला चार्टरच्या दोन को-पायलटांना भेटायला पाठवलं. रात्री फोन, पहाटे उड्डाण, मग प्रवासी परतेपर्यंत दिवसभर विमानतळावर थांबणं. इंधन, सामान, खाणंपिणंही स्वतःच बघायचं. आठवड्याने ती परत आली. "वाट बघायला मला जमतं, मॅडम. एकटीने निर्णय घ्यायलाही." तासांचं लेखी उत्तर तिच्याकडे होतं आणि बाँड तीनऐवजी दोन वर्षांवर आला होता.

"त्या विमानात माणसं किती बसतात गं?" वडिलांनी विचारलं.

"आठेक, पप्पा."

"बरं," म्हणाले, आणि कर्जाच्या कागदांची पिशवी काखेत धरून उठले.