घोणस : घोरणारी नव्हे, नाकाची

प्रश्न असा आलाय की घोणस मोठमोठ्याने घोरल्यासारखा आवाज करते म्हणून तिला घोणस म्हणतात का, आणि तो घोणस की ती घोणस, आणि डुरक्या घोणस म्हणजे तिचंच पिल्लू का.

नाही हो, घोरण्याचा काही संबंध नाही! दर पावसाळ्यात कुणीतरी व्हिडिओत हे ठणकावून सांगतं आणि खाली पन्नास जण वा वा करतात. आवाज ती करते हे खरंय, कुकरची शिट्टी सुटल्यासारखा फुत्कार असतो, पण म्हणून नाव त्यावरूनच आलं असं कुठंय? कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर दगडाखाली बसणारं फुरसं अंगाचे खवले एकमेकांवर घासून फुरफुरतं, तिथे कुणी आवाजावरून नाव लावलं तर मी समजू शकतो. इथे नाही.

संस्कृतात शब्द आहे गोनस. गो म्हणजे गाय आणि नस म्हणजे नाक, गायीच्या नाकाचा साप. सुश्रुतसंहितेत सापांचे दर्वीकर, मंडली, राजिमंत असे गट केलेत, म्हणजे फणावाले, अंगावर मंडलं असलेले आणि पट्ट्यांचे, आणि त्यातल्या मंडलींमध्ये गोनस चक्क नावानिशी आहे. आता घोणशीचा जवळून काढलेला फोटो बघा, नाकपुड्या केवढ्या मोठ्या असतात! ज्याने नाव ठेवलं त्याने तोंडासमोर बसून बघितलं असणार, मला तर दर वेळी त्या माणसाचं कौतुक वाटतं.

मग ग चा घ कसा झाला? माझं मत असं की घोणा या शब्दाची सावली पडली. घोणा म्हणजे नाक, मुस्कट, आणि अमरकोशात डुकराचं एक नाव घोणी आहे, मोठ्या नाकाडाचा म्हणून. गोनस आणि घोणा, दोन्हीकडे नाकच, तर जिभेने ते एकत्र केले. काही मंडळी घोण म्हणजे गोम, त्यावरून घोणस असं सांगतात. त्यांनी गोम आणि घोणस शेजारी ठेवून मला साम्य दाखवावं, शंभर पायांचा किडा कुठे आणि बांधावरच्या गवतात, उसात उंदरांच्या मागावर वेटोळं घालून पडलेली ही जाडजूड बाई कुठे. नुसत्या अक्षरांवरून व्युत्पत्ती लावायची असेल तर मग घोंगडीवरूनही लावा.

हां, ती घोणस. आमच्याकडे सगळे घोणस आली, घोणस चावली असंच म्हणतात.

आणि डुरक्या घोणस हा वेगळाच साप, बिनविषारी, शेपूट आखूड. ठिपके आणि जाडी बघून लोकांनी नाव चिकटवलं. खऱ्या घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोकं चपटं त्रिकोणी, आणि ती अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, आणि ते पिल्लूही जन्मापासून विषारी. तेव्हा अंगणात असलं काही दिसलं तर डुरक्याच असेल म्हणून हातात उचलू नका.