केमोचे डोस बऱ्याचदा दर २१ दिवसांनी का देतात? सगळं औषध एकदम का देत नाहीत?

कारण केमोची औषधं झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारतात, मग त्या कॅन्सरच्या असोत वा आपल्या. स्तनाच्या कॅन्सरमध्ये डॉक्सोरुबिसिन देतात ना, ते लालभडक औषध? ते पेशीच्या डीएनएमध्ये घुसून बसतं, मग पेशीला डीएनएची नक्कल नीट करता येत नाही आणि ती मरते. (नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. आईच्या वेळी आम्ही उगाच हादरलो होतो.)

पण केसांची मुळं, तोंडातलं अस्तर, हाडांतला मगज इथल्या पेशीही भराभर विभागतात. म्हणून केस गळतात, तोंड येतं, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. डोसनंतर साधारण १० ते १४ दिवसांनी या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात आणि तिसऱ्या आठवड्यात बऱ्याचशा भरून येतात. कॅन्सरच्या पेशी सहसा इतक्या लवकर सावरत नाहीत. त्या फरकावरच हे गणित चालतं. शिवाय एका डोसात कॅन्सरच्या पेशींचा काही हिस्साच मरतो, म्हणून फेऱ्या.

पांढऱ्या पेशी कमी असतात म्हणून मधल्या दिवसांत ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त झाला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका.