पी.पी. नंबरवरचं ऑफिस
(वाचकांचे प्रश्न : संगणक आणि इंटरनेट)

प्रश्न : गिरगावात माझं डीटीपीचं छोटं ऑफिस आहे. आठ संगणक, दोन प्रिंटर आणि जुनी कामं ठेवायला एक नॅस (नेटवर्कवरची सामायिक साठवण पेटी). नेट इमारतीतल्या केबलवाल्याचं. रात्री बोरिवलीच्या घरून नॅसवरची एखादी फाइल लागते, ती काही केल्या मिळत नाही. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या मोबाइलवर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत, आहे, ऑफिसात नाही. टनेल टाका." त्यानेच राउटरवर मोफतवाला टनेल भरून दिला, पण पलीकडून उत्तरच येत नाही. केबलवाल्याला विचारलं तर आयपीव्ही६ 'पुढच्या महिन्यात'. काय करू? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : पुढच्या महिन्याचं मनावर घेऊ नका. दादरला माझ्याकडेही तो दोन वर्षं येतच होता.

भाच्याचं निदान बरोबर आहे. चूक झाली ती एक गोष्ट न तपासल्यामुळे. राउटरच्या पानावर 'वॅन'समोर (बाहेरच्या बाजूला) कोणता पत्ता दिसतो ते बघा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्याने किंवा १० ने सुरू होत असेल, तर तो तुमचा सार्वजनिक पत्ता नाही. केबलवाल्याने शेकडो गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवलं आहे. चाळीत एकाकडेच फोन असायचा आणि बाकीचे लग्नपत्रिकेवर त्याचा नंबर 'पी.पी.' म्हणून छापायचे, आठवतं? तसंच हे. तुम्ही बाहेर फोन लावू शकता. बाहेरून आलेला फोन तुमचा हे तिथे कोणीतरी हाक मारून सांगावं लागतं, आणि इथे हाक मारणारा कोणी नाही.

याचं कारण जुनंच आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले आणि एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागात रेशनिंग सुरू झालं. त्यानंतर धंद्यात उतरलेल्या केबलवाल्याने पत्ते आणायचे कुठून?

आता टनेल. 'बोगदा' हा शब्द फसवा आहे, कारण खणत कोणीच काही नाही. कोकण रेल्वेची रो-रो बघा. १९९९ पासून कोलाडला मालाने भरलेले ट्रक वाघिणीवर चढतात आणि गोव्याकडे जातात. ट्रक म्हणजे आयपीव्ही६ चं पॅकेट (माहितीचा एक तुकडा), वाघीण म्हणजे आयपीव्ही४. भाच्याने लावलेल्या साध्या प्रकारात वाघिणीवर '४१' एवढाच शिक्का असतो, पोर्ट नंबर (माल कोणत्या जोडणीचा ते सांगणारा आकडा) नसतो. पत्त्यांची वाटणी करणारं केबलवाल्याचं यंत्र पोर्ट नंबर बघून माल कोणाचा ते ठरवतं. तो नसला की गाडी तिथेच अडते. राउटरवर कितीही खटपट करा, हा प्रकार तुमच्याकडे चालणार नाही.

वाटा दोन. केबलवाल्याकडून महिन्याचे जादा पैसे भरून स्थिर सार्वजनिक आयपी घ्या, मग भाच्याचा टनेल आहे तसा चालेल. हरिकेन इलेक्ट्रिक ही अमेरिकन कंपनी तो मोफत देते, मागितलं तर /४८ हा पत्त्यांचा मोठा गठ्ठा सुद्धा, म्हणजे प्रत्येकी /६४ ची (एका जाळ्याच्या गठ्ठ्याची) ६५,५३६ जाळी. तीन खोल्यांना एक पुरे, पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवायचं तर दोन. स्थिरच घ्या. माझा पहिला टनेल तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी इमारतीची लाइट गेली, राउटरला नवा पत्ता मिळाला आणि पलीकडचं टोक जुन्याच पत्त्यावर माल पाठवत बसलं.

दुसरी वाट मला जास्त पसंत आहे. भाड्याने छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) घ्या आणि ऑफिसच्या राउटरपासून तिथपर्यंत वायरगार्ड हा दुसऱ्या प्रकारचा टनेल टाका. तो यूडीपी या पद्धतीच्या पॅकेटांवर चालतो, म्हणजे पोर्ट नंबर आला, आणि पहिला फोन आपणच बाहेर लावतो, त्यामुळे पी.पी. ची अडचण नाही. घेण्याआधी एकच विचारा : /६४ राउट करून देता का? नुसता एक आयपीव्ही६ पत्ता देणारे बरेच आहेत, त्याचा ऑफिसला उपयोग नाही. आणि व्हीपीएस मुंबईतलाच बघा. मी एकदा सिंगापूरचं टोक निवडलं होतं. पुण्यातल्या सर्व्हरकडे जाणारा मालही सिंगापूर करून येऊ लागला. वर ब्राउझर आयपीव्ही६ लाच पहिला मान देतात, थोडं हळू असलं तरी. बायकोचा प्रश्न होता, "तू नीट करतोयस की बिघडवतोयस?"

एक इशारा, आणि इथे हयगय नको. आतापर्यंत पी.पी. मुळे का होईना, तुमचा नॅस आणि प्रिंटर बाहेरच्यांपासून झाकलेले होते. आयपीव्ही६ आलं की प्रत्येकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. राउटरच्या फायरवॉलमध्ये टनेलचा इंटरफेस 'वॅन' गटात टाका, बाहेरून येणारं सगळं बंद ठेवा आणि नॅसचं लागेल तेवढंच एक दार उघडा. मात्र आयसीएमपीव्ही६ (वाटेतल्या अडचणींचे निरोप आणणारी व्यवस्था) सरसकट बंद करू नका. का, ते पुढच्या प्रश्नात.

प्रश्न : माझ्याकडे टनेल लागला, पिंगही होतं. पण काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : पुन्हा रो-रो. ट्रक वाघिणीवर चढला की उंची वाढते आणि वाटेतल्या बोगद्यात अडकायची भीती असते. साध्या लाइनवर पॅकेट १५०० बाइटचं जातं. लॉगिन पीपीपीओई (नाव-पासवर्ड टाकून जोडणी) असेल तर ८ गेले, १४९२ उरले. ४१ च्या वाघिणीचे २० गेले, १४७२. राउटरला हे सांगितलं नसेल, तर छोटे ट्रक सुखरूप जातात आणि मोठे गुपचूप हरवतात. अडलेल्या ठिकाणाहून 'माल मोठा आहे' असा निरोप यायला हवा. तो आयसीएमपीव्ही६ मधूनच येतो आणि उत्साही माणसं नेमका तोच बंद करून ठेवतात. माझा एक अख्खा रविवार यात गेला आहे.

टनेलचा एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) १४७२ ठेवा. वायरगार्ड असेल तर १४९२ मधून २० ऐवजी ६० वजा करा, म्हणजे १४३२. हिशेबाचा कंटाळा आला तर सरळ १२८० : आयपीव्ही६ नेणाऱ्या प्रत्येक रस्त्याने एवढं पॅकेट नेलंच पाहिजे, असा नियम आहे. हाच आकडा राउटर आतल्या संगणकांनाही कळवतोय ना, तेही बघा.

प्रश्न : ६टू४ या टनेलच्या जुन्या प्रकारात कुठे नाव नोंदवावं लागत नाही. तेच वापरू? – एक वाचक, परळ

उत्तर : नको. त्याचा सार्वजनिक रिलेचा (माल पुढे नेणाऱ्या मधल्या केंद्राचा) पत्ता २०१५ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढला. आणि मोफत टनेलच्या भरवशावरही कायमचं राहू नका. सिक्सएक्सएस ही अशीच जुनी मोफत सेवा ६ जून २०१७ ला बंद झाली. आपल्यामुळे इंटरनेट कंपन्यांना टाळाटाळ करायला निमित्त मिळतं, अशी त्यांचीच तक्रार होती. तेव्हा टनेल लावा, पण केबलवाल्याला दर महिन्याला फोनही करत राहा.