नाशिकसारख्या शहरात कार्बन उत्सर्जन वाढतं ते फक्त लोकसंख्या वाढल्यामुळे का?

नाही, नुसती डोकी मोजून हिशेब लागत नाही. जपानी अभ्यासक योइची काया यांनी चार गोष्टींचा गुणाकार मांडला: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, तेवढ्या उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेमागचा कार्बन.

यात उत्पन्नाचा फरक चटकन दिसतो. सुरगाण्याच्या पाड्यावरचं सात माणसांचं घर घ्या: चूल, दोन बल्ब, एक पंखा. आणि गंगापूर रोडवरचं चौघांचं घर घ्या: दोन गाड्या, तीन एसी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रोज दोन लिटर पिणारी एकच गाडी वर्षाला दीड टनाच्या वर जाते. भारताची दरडोई सरासरी सगळं धरून सुमारे २ टन आहे! म्हणून 'गरिबांची संख्या वाढली' असं कुणी म्हणालं की मला मनापासून राग येतो.

विजेचं म्हणाल तर ती कशापासून बनते यावर सगळं आहे. एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या केंद्रात एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. शेतातली पाण्याची मोटर या विजेऐवजी सौर ऊर्जेवर चालवली तर द्राक्षबागेला पाणी तेवढंच मिळतं आणि कोळसा जळत नाही. शिवाय रात्री दोनला बॅटरी घेऊन, विंचूकाट्याची भीती बाळगत मोटर चालू करायला जावं लागत नाही. सुरुवात करायची तर मी इथूनच करीन, त्यानंतर शहरातली बससेवा.