इंकजेट प्रिंटरवर फोटो छापायला कोणता कागद घ्यावा? जास्त जीएसएम म्हणजे चांगला फोटो का?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बास. कागद हाताला किती भरीव लागेल ते त्यावरून कळतं. फोटो कसा येईल ते कागदावरच्या लेपावर ठरतं. त्यामुळे १८० घ्यावा की २६० यात अडकण्याआधी तुमच्या प्रिंटरमध्ये शाई कुठली आहे ते बघा.

डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो आणि तो लेपात मुरतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते लेपाच्या वरवरच बसतात. घरगुती चार रंगांच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि बाकीच्या तीन डाय अशी खिचडी असते, कारण पिगमेंट काळ्या शाईने साध्या कागदावर अक्षरं ठसठशीत उमटतात.

तुम्ही लिहिलंय की ग्लॉसी कागदावर चेहरा छान आला, पण केस आणि काळा कोट दुसऱ्या दिवशीही बोट लावलं की पुसला जातो. मला वाटतं यात कागदाचा दोष नाही. प्रिंट करताना कागदाचा प्रकार ‘प्लेन पेपर’च राहिला असणार. मग प्रिंटर बिनधास्त पिगमेंट काळी वापरतो आणि ती चकचकीत लेपावर नुसती बसून राहते. तिथे ‘फोटो पेपर ग्लॉसी’ निवडलंत की असे बरेचसे प्रिंटर काळ्या शाईला हात न लावता तीन रंग मिसळून काळा बनवतात. तो काळा कधीकधी जरा तपकिरीकडे झुकतो खरा, पण पुसला जात नाही. नवा कागद आणण्याआधी एवढं करून बघा.

तरीही पुसलं जात असेल, तर ताव उलटा तर घातला नाही ना, ते तपासा. ओलसर बोट कोपऱ्याला टेकवलं की लेपाची बाजू किंचित चिकटते. आणि पाकिटावर ‘लेझर’ असं लिहिलेलं असेल तर तो कागद बाजूलाच ठेवा. त्यावर इंकजेटची शाई मुरत नाही, थेंब थेंब होऊन राहते. उलट इंकजेटचा फोटो पेपर लेझर प्रिंटरमध्येही कधी घालू नका; आतल्या उष्णतेने लेप वितळून मशीनला चिकटू शकतो.

आता खरेदी. अल्बमसाठी आणि पाहुण्यांना हातात द्यायच्या फोटोंसाठी आरसी, म्हणजे रेझिन कोटेड, मायक्रोपोरस कागद घ्या. यात मूळ कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा पातळ थर असतो, म्हणून भरपूर शाई पडली तरी ताव लाटांसारखा वर-खाली होत नाही. वरच्या लेपातल्या सूक्ष्म छिद्रांत शाई झटकन शिरते. स्वस्तातल्या ग्लॉसी कागदांना बहुधा हा प्लास्टिकचा थर नसतो. शाळेच्या प्रकल्पाला ते चालतात, आजी-आजोबांच्या फोटोला नकोत.

ग्लॉसीवर रंग सर्वांत भडक आणि काळा सर्वांत गडद दिसतो, पण बोटांचे ठसेही तितकेच दिसतात आणि समोर दिवा असला की फोटोऐवजी दिवाच दिसतो. मी स्वतः बहुतेक वेळा लस्टर किंवा सॅटिन, म्हणजे मध्यम चमकेचा कागद घेतो. पूर्ण पिगमेंट प्रिंटर असेल तर ग्लॉसीवर शाई पडलेला आणि कोरा राहिलेला भाग वेगवेगळा चमकतो. लस्टरच्या बारीक खरखरीत पोतात ते झाकलं जातं. मॅटवर, म्हणजे चमक नसलेल्या कागदावर, काळा थोडा फिका पडतो, म्हणून रात्रीचे फोटो त्यावर मार खातात, पण काचेमागे लावायच्या शांत रंगांच्या फोटोला मॅट शोभतो.

फोटो बरीच वर्षं भिंतीवर राहणार असेल तर आणखी एक गोष्ट. मायक्रोपोरस कागदावरची डाय शाई उघड्या हवेत, विशेषतः ओझोनमुळे, लवकर विटते, तेव्हा काचेची फ्रेम कराच. झगझगीत पांढऱ्या कागदात बऱ्याचदा ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दाखवणारी रसायनं असतात. ते अतिनील किरणांमुळे चमकतात आणि कालांतराने मंदावले की कागद पिवळट दिसू लागतो. ब्राइटनर नसलेला कापसाचा कागद जास्त टिकतो, पण तो पिगमेंट शाईचा प्रिंटर असेल तरच घेण्यात अर्थ आहे.

सुरुवातीला प्रिंटर ज्या कंपनीचा, तिचाच कागद घ्या, कारण त्या कागदाचं सेटिंग ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, तयार असतं. दुसरा घेतलात तर त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग बरोबर यावेत यासाठीची फाइल, मिळतं का बघा. छोटंच पाकीट आणा आणि काळे केस, त्वचा आणि आकाश असलेला एकच फोटो छापा. एक दिवस वाळू द्या, मग दिवसाच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली दोन्ही वेळा बघा. जाड कागद असेल तर मागच्या सरळ ट्रेमधून घाला, वळणाच्या वाटेत तो अडकतो. उरलेले ताव पाकीट बंद करून आडवे ठेवा. दमट हवेत त्यांच्या कडा वळतात आणि मग शाईचं हेड त्यांना घासतं.